असोद्यावरचा एकटा ठिपका

असोदा, तालुका जळगाव
कार्तिक वद्य पंचमी, सन १९५७

प्रिय कुंदा,

हा ‘प्रिय’ वाचून तुला नवल वाटेल. आधी सवयीने चि. सौ. लिहून मोकळी झाले, मग त्या सौ.वर नजर गेली आणि कागद फाडला. नुसतं चि. कुंदा लिहून पाहिलं, तर ते उघड्या कपाळासारखं दिसायला लागलं. तोही फाडला. मग माझा पंडित तुला लिहायचा तसं लिहिलं. आता पुढे जसं येईल तसं वाच. माझी शाळा दुसरीपर्यंतची, ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू मनात नीट करून घे. शेजारच्या सुगंधाबाईची सून म्हणाली, आत्या, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हटलं, तू लिहिशील आणि दिवे लागायच्या आत गल्लीभर वाचूनही दाखवशील. हे दुसऱ्याच्या हाताने लिहायचं पत्र नाही.

तुझं पत्र पोचलं. किडे तपासणाऱ्या पुण्याच्या साहेबांना पंडितच्या रातकिड्यांच्या पेट्या द्यायच्या का, असं तू विचारलंस. त्याखाली लिहिलंस की नकाशा घेऊन कायमची असोद्याला येते, आत्याबाईंच्या हाताखाली राहीन. आणि सगळ्यात खाली, दर पत्रात असतं तेच, की तो शेवटचा कशाला हसला ते आता तरी सांगा. सगळ्याचं उत्तर देते, पण माझ्या रीतीने देईन. मधे मधे मान खाली घालून रडत बसू नकोस. रडायचं तर पत्र संपल्यावर रड.

तू जे लिहिलं नाहीस ते तुझ्या वडिलांनी येऊन सांगितलं. शालिग्रामभाऊ परवा आले होते. ओट्यावर टोपी हातात फिरवत बसले, चहा गार केला. मी म्हटलं, भाऊ, टोपीची वळकटी होईल, काय ते बोला. तेव्हा बोलले, की पंडितबरोबरच्या अभिमन मास्तरने स्वतःहून विचारलं आहे. त्याची बायको जाऊन वर्षं झाली, पोरबाळ नाही, देवपुरातली शाळेची नोकरी पक्की आहे. तुझ्याशी पाट लावायला, दुसरं लग्न करायला तयार आहे. आणि तू म्हणतेस, मी असोद्याची, माझ्यावाचून आत्याबाईंनी काय करायचं? ऐकून मला रागच आला. आत्याबाईंनी काय करायचं ते आत्याबाई बघतील. माझं नाव पुढे करून त्याच्या मागे तू लपू नकोस. असो. आधी किड्यांचं बोलू.

खरं सांगते, मला त्या किड्यांची चीड होती. लोकांची पोरं मास्तर होतात, दोन पोरं शिकवून घरी येतात, झोपतात. आमचं पोर मास्तर झालं आणि धुळ्याहून सुटीला आलं की पिशवीत बाटल्या, बाटल्यांत रातकिडे. तुझं लग्न होऊन तू आलीस तेव्हा मला वाटलं, बायको आली, आता सुटेल हे खूळ. तर तूच त्याच्याबरोबर बांधावर पालथी पडून ऐकत होतीस. नवी नवरी, हळदीचा पदर, आणि कोपरं मातीत! सुगंधाबाई मला म्हणाली, वच्छला, तुझी सून काही हरवलं का शोधते? मी म्हटलं, हो, अक्कल हरवली आहे दोघांची.

पण जेवायला बसला की तो सांगायचा, आणि मी भाकरी थापता थापता ऐकायचे. ऐकत नाही असं दाखवायचे, तरी ऐकायचे. आपल्या भाऊबंदकीसारखंच असतं म्हणे त्यांचं. मोठी कुळं, कुळात घरं. शेतातला काळा तुकतुकीत, पंखांच्या मुळाशी दोन पिवळे ठिपके, तो बहुतेक सगळीकडे. आपल्या केळीच्या बागेत पाण्याच्या दांडाला भुई पोखरतो तो वेगळा, त्याचे पुढचे पाय फावड्यासारखे; तुझे मामंजी त्याला मारायला निघाले तर पंडित आडवा झाला होता. कपाशीवरचा इतका नाजूक की फुंकर मारली तर उडेल, हिरवट पांढरा. आणि पांझरेच्या वाळूतला तो राक्षस, पंखांची टोकं जिलबीसारखी गुंडाळलेली, तो त्याने माझ्या पाटावर सोडला होता आणि मी उलथनं फेकलं होतं. मुंग्यांच्या वारुळात राहणारा एक बारका, बिनपंखाचा, मुका. एकसारखे दिसणारे दोन किडे हातात घेऊन म्हणायचा, आई, हे जुळे दिसतात ना, पण यांचं गाणं वेगळं, म्हणजे जात वेगळी, यांची सोयरीक होत नाही. मी म्हटलं, बरं झालं, म्हणजे तिथेही हेच आहे.

आणि एके दिवशी म्हणाला की गातो तो नर, मादी मुकीच असते, ती नुसती ऐकते आणि तिचे कान पुढच्या पायांत असतात, गुडघ्याच्या खाली. तुझे मामंजी कधी नव्हे ते बोलले. म्हणाले, पंडित, मग आपल्या घरातली जात पुण्याला लिहून कळव, इथे बठ्ठं उलटं शे. सगळं उलटं आहे म्हणायला माझीच बोली काढली, मला चिडवायला. तू पदरात तोंड घालून हसलीस ते मी पाहिलं होतं.

माझी बोली इथे कुणाला कधी गोड लागली नाही. मी नरडाण्याकडची. इथे आले तेव्हा पाणी गरम शे म्हटलं तरी आडावरच्या बाया घागरी खाली ठेवून हसायच्या. हळूहळू मी इथल्यासारखं बोलायला शिकले. राग आला की अजून ती बोली येते, म्हणून पंडित म्हणायचा की आईला राग आला की ती पश्चिम खानदेशात जाते.

आता त्या ठिपक्याचं. तुला सगळं ठाऊक आहे, तू त्याच्याबरोबर हिंडलीस, पण मला माझ्या बाजूने सांगू दे. तो एक घरातला भुरा किडा होता, डोळ्यांच्या मधे आडवी रेघ, आणि तीनदा वाजून थांबणारा. साक्रीला सापडला, दोंडाईच्याला, शिंदखेड्याला, नरडाण्याला, देवपुरात तुमच्या घरी. पंडितने नकाशावर तांबडे ठिपके दिले, सगळे पश्चिम खानदेशात. बोरी नदीच्या अलीकडे एकही नाही. आणि मग एका दिवाळीत आला तर इथे, माझ्या चुलीमागे, तोच वाजतोय! चूल धुमसत होती, मी ओरडत होते, आणि हा भिंतीला कान लावून बसला. चिमटीने धरून बाहेर काढला तेव्हा पोराचा चेहरा असा, की जणू पेढे वाटायचे आहेत.

मग तुम्ही दोघं अमळनेर, धरणगाव, एरंडोल घरोघर फिरलात, मधे कुठे सापडतो का बघायला. दिवेलागणीला परका पुरुष दारात उभा राहतो आणि म्हणतो, बाई, तुमच्या चुलीमागे काय वाजतं ते ऐकू द्या. एरंडोलच्या त्या बाईने फुंकणी उगारली ते बरोबरच केलं, मी असते तर मारलीच असती. तेव्हापासून तो बाहेर ओट्यावर आणि तू आत. बाया तुला गूळपाणी द्यायच्या आणि तू चुलीशी बसून ऐकायचीस. तुझा कान त्याच्यापेक्षा तेज होता, हे तो मला सांगायचा, तुला सांगायचा नाही. तू दर घरातून बाहेर येऊन मान हलवायचीस. नाही. मधे कुठेच नाही. सगळे ठिपके तिकडे आणि हा एकटा इकडे, असोद्यावर.

पुण्याच्या साहेबांचं पत्र आलं, की पेट्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल, असोद्याचा ठिपका काढून टाका. त्या दिवशी तो जेवला नाही. म्हणाला, माझ्या आईच्या चुलीमागून मी माझ्या हाताने धरला आहे, चूक कशी? मग आम्हा दोघांना विचारत बसला. कधी धुळ्याकडून कुणी गोणी आणली का, बियाणं, गुरांचा चारा, काही? माझ्या जन्माच्या आधी? तुझे मामंजी उठून गोठ्यात गेले. मी म्हटलं, गिळ आता, भाकरी वाळते. तुला तेव्हाही वाटलं होतं ना, की हे दोघं काही तरी गिळतात? तुझे डोळे माझ्यावर होते.

मग तो सातपुड्यात गेला. तिथल्या पाड्यांवर सापडतो का ते बघायचं होतं. अभिमन सोबत गेला होता, नाहीतर तिकडेच राहिला असता. यावलपासून गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन, ओलं फडकं बदलत अभिमनने त्याला दारात आणला. त्या मुलाच्या डोळ्यांत झोप नव्हती, सदऱ्यावर पंडितच्या ओकाऱ्या होत्या, आणि तरी पंडितची ती बाटल्यांची पिशवी त्याने गळ्यात सांभाळून आणली होती. एकही फुटली नव्हती. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही त्या दिवशी. नंतर विचारलं.

जळगावच्या डॉक्टरांनी हिवतापावर कोयनेल दिलं. तुला आठवतंय, त्या औषधाने त्याचे कान वाजायला लागले. साधी माणसं म्हणतात कानात रातकिडे वाजतात, बोलायची रीत असते. याला खरंच वाटलं. ताप चढला की बोटांवर मोजायचा आणि विचारायचा, हा कोणता? हा थांबत का नाही? त्याला ओळखू येईना म्हणून रडकुंडीला यायचा. एवढे किडे आवाजावरून सांगणारा माणूस, आणि स्वतःच्या कानातला त्याला ओळखता येईना. मला बघवेना.

त्या दुपारी तू डॉक्टरांच्या टांग्याची वाट बघत वेशीशी गेली होतीस. घरात मी आणि तो. पुन्हा विचारलं, आई, हा कोणता गं. आणि मी सांगितलं. काय सांगितलं ते पुढे लिहिते. तो ऐकत राहिला आणि मग हसला. मोठ्याने हसला, बरा असताना हसायचा तसा. तू वेशीकडून येत होतीस, ते हसणं ऐकून पळत आलीस, ताप उतरला म्हणून. दारात तुझी एक चप्पल पायात, एक मागे राहिलेली. ताप उतरला नव्हता. पुन्हा तो शुद्धीवर आलाच नाही. मला ठाऊक आहे, ते हसणं तुझ्या वाट्याचं होतं असं तुला वाटतं. तू एका चपलेपुरती उशिरा आलीस असं वाटतं. तसं नाही गं. ते ऐक.

तो गेल्यावर मी ती चुलीमागची भिंत शेणामातीने लिंपून टाकली. त्याच्यापायी गेला माझा, आता वाजूनच दाखव म्हटलं. मग संध्याकाळी स्वयंपाकाला बसले आणि मागे काहीच वाजेना. भाकरी करपली. सकाळी उठून उलथन्याने सगळं खरवडून काढलं, नखं गेली. तुझे मामंजी दारात उभे राहून बघत होते. आठवडाभराने तो पुन्हा वाजला, तीनदा, आणि थांबला. तेव्हा मी रडले. तोवर रडले नव्हते.

आता उत्तरं. पेट्या पुण्याला देऊन टाक. इथे मुंग्या लागतील, माझ्याने राखण होणार नाही, आणि किडे बघणाऱ्यांनी बघावेत. नकाशा तुझा, तो देऊ नकोस, हवा तर त्यांना दुसरा काढून दे. असोद्याचा ठिपका मात्र त्यांना काढू देऊ नकोस. तो चुकीचा नाही. आणि इकडे यायचं म्हणतेस तर येऊ नकोस. पाहुणी ये, चार दिवस राहा, लोणचं घेऊन जा. कायमची येऊ नकोस. माझ्या हाताखाली राहून काय करणार आहेस? मी भाकरी करीन, तू ऐकशील, तू करशील, मी ओरडेन. संध्याकाळी दोघी मिळून चुलीमागे कान लावू. असं करत तू माझ्याएवढी होशील. अभिमन वाईट माणूस नाही. जेवताना आवाज करतो आणि त्याच्या विनोदाला त्याला एकट्यालाच हसू येतं, पण ती पिशवी त्याने गळ्यात घालून आणली. तुला तो आवडत नसेल तर तसं सांग, मी शालिग्रामभाऊंना स्वतः सांगेन की विषय बंद करा. पण आवडत असेल आणि माझ्यासाठी नाही म्हणत असशील, तर मला चालणार नाही. मला असलं ओझं नको. तू गप्प बसणारी आहेस, म्हणून स्पष्ट विचारते, स्पष्ट लिही.

आणि आता ते सांगते, ज्यासाठी हात दुखेपर्यंत लिहीत बसले. माझं पहिलं लग्न तुझ्या मामंजींशी झालेलं नाही. मी अकरा वर्षांची असताना नरडाण्याजवळच दिली होती, आणि न्हाण यायच्या आतच पांढरं कपाळ घेऊन माहेरी आले. पुढे तुझ्या मामंजींशी पाट लागला. पाट कसा लागतो ते तू ऐकलं असशील. अंधारात. वाजंत्री नाही, मांडव नाही, सवाष्णींनी तोंड फिरवायचं. रेल्वे होती, पण रेल्वेत लोक बघतील म्हणून मला बैलगाडीने आणलं, बसायला कडबा अंथरून, वर घोंगडी टाकून. दिवसा कुठल्यातरी मळ्यात लपायचं, अंधार पडला की गाडी जुंपायची. घोंगडीखाली मला काही दिसत नव्हतं. कडब्यात एक रातकिडा होता, तीनदा वाजायचा आणि थांबायचा. गिरणा ओलांडली तरी वाजत होता. माझ्या लग्नात वाजलेलं तेवढंच. उजाडायच्या आत मला मागच्या दाराने आत घेतलं आणि चुलीशी बसवून ठेवलं, कुणी तोंड बघू नये म्हणून, आणि गाडीतला कडबा तिथेच चुलीच्या कोपऱ्यात जळणाला टाकला. तुझ्या मामंजींनी गावातल्या जुन्या माणसांना शपथ घातली, माझ्या लेकरांपुढे हे कुणी काढायचं नाही. गावाने पाळलं. त्या दुपारी मी पंडितला हेच सांगितलं. म्हटलं, बाळ, तुझ्या कानात वाजतो तो माझ्याबरोबर गाडीत आला. तो हसला ते त्यावर. म्हणाला, अगं, मग चूक नाही ना आई, तू आणलास! आणि म्हणाला, कुंदाला सांग. किड्याबद्दल म्हणाला की आणखी कशाबद्दल, मला माहीत नाही, आणि मेलेल्या माणसाच्या तोंडी मी माझं घालणार नाही. सांग म्हणाला, सांगितलं. काल तुझ्या मामंजींना विचारलं, कुंदाचा पाट लावायचा तर आपण काय करायचं? बैलाची पाठ खाजवत बसले. मग म्हणाले, कौतिक वाजंत्रीवाल्याला सांगून ठेवू का? दिवसा वाजव म्हणावं. म्हणून कुंदा, होय म्हणालीस तर आम्ही दोघं देवपुराला येऊ, रेल्वेने, भर दुपारी, पुढे कौतिकची सनई, आणि ओटी मी भरीन. लोकांना काय बोलायचं ते बोलू देत, मला त्यांच्याहून जास्त बोलता येतं. तुझं उत्तर आलं की मी पुन्हा कागद घेईन. त्या कागदावर सौ. लिहायला मला मिळू दे. नसेल लिहायचं तर मग प्रियच लिहीन, पण नीट विचार करून कळव.

तुझीच,
आत्याबाई (वच्छला)